पाणी जास्त की पाणी कमी? हार्ट फेल्युअरच्या एका रुग्णातील संप्रेरके आणि रक्ताभिसरण

रुग्ण

वय ५८, पुरुष. (ओळख पटेल असा कोणताही तपशील इथे ठेवलेला नाही.) सुमारे सव्वा वर्षापूर्वी हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा झटका येऊन गेलेला. उपचार मिळायला उशीर झाल्याने डाव्या निलयाचा, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या कप्प्याचा, बराच स्नायू तेव्हाच निकामी झाला होता. घरी सोडताना हार्ट फेल्युअरची (हृदय गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही अशा आजाराची) रीतसर औषधे दिली गेली. पुढे एकदा उठून उभे राहताना चक्कर आली, रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १०० निघाला आणि 'बीपी उतरवणाऱ्या' दोन्ही गोळ्या, म्हणजे एसीई इनहिबिटर (वाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-२ बनू न देणारे औषध) आणि बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारे औषध), बंद झाल्या. त्या परत कोणी सुरू केल्या नाहीत. उरले ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सूज वाढली की लघवीची गोळी वाढवायची, एवढेच उपचार म्हणून राहिले.

दाखल होण्याआधी तीन आठवडे गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक चालू होते. ही माहिती पहिल्या विचारपूस-टिपणात नव्हती. 'हृदयाची औषधे कोणती घेता?' असे विचारले, तर वेदनाशामकाचा उल्लेख कोणीच करत नाही.

तक्रारी नेहमीच्या: दहा पावलांवर दम, आडवे झोपता येत नाही, रात्री दोन-अडीचला गुदमरून जाग, पाय मांड्यांपर्यंत सुजलेले, पोट फुगलेले, भूक मेलेली. वजन महिन्याभरात नऊ किलोने वाढलेले. लघवी मात्र दिवसेंदिवस कमी.

तपासणीत रक्तदाब ९२/७०, नाडी मिनिटाला ११२, हात-पाय गार. बसलेल्या अवस्थेतही मानेतील नीला कानाच्या पाळीपर्यंत भरलेली. हृदयाचा तिसरा ध्वनी स्पष्ट, टोकाशी मायट्रल झडपेच्या (डावी कर्णिका आणि डावे निलय यांच्यामधल्या झडपेच्या) गळतीचा आवाज. यकृत बरगडीखाली चार बोटे. फुप्फुसांच्या तळाशी थोडेसे बुडबुडे, बाकी छाती बऱ्यापैकी मोकळी.

रक्ततपासणीत सोडियम १२८, पोटॅशियम ४.६, क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की चढते) १.९ (आधीचे १.१), युरिया ११२, बिलिरुबिन २.२, हिमोग्लोबिन ११.८, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन फार कमी पडला की चढते) १.८, एनटी-प्रोबीएनपी (हृदय ताणले गेले की रक्तात वाढते) ९,४०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. इकोमध्ये डावे निलय फुगलेले, पूर्ण भरलेल्या स्थितीत १८० मिलि, इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा) २५ टक्के.

रात्रीचा प्रश्न

ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी फोनवर विचारले, "सर, बीपी कमी, सोडियम कमी, क्रिएटिनिन वर, युरिया तर क्रिएटिनिनच्या साठपट. लघवीच्या गोळीने कोरडे पडलेत. फ्युरोसेमाइड थांबवून सावकाश सलाइन लावू का?"

या प्रश्नावर हसण्यासारखे काही नाही. पायांची सूज बाजूला ठेवून फक्त कागदावरचे आकडे पाहिले, तर जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या माणसाचे आणि या गृहस्थांचे रिपोर्ट वेगळे ओळखता येणार नाहीत. दोघांच्याही रक्तात रेनिन, अल्डोस्टेरॉन, नॉरअॅड्रेनॅलिन आणि व्हॅसोप्रेसिन ही रक्तदाब आणि पाणी राखणारी द्रव्ये चढलेलीच सापडणार. दोघांची मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवणार. फरक एवढाच की एकाच्या अंगात खरोखर पाणी नाही आणि दुसऱ्याच्या अंगात काही लिटर जादा आहे. शरीर या दोन्ही परिस्थितींना एकच उत्तर देते. ते का, हे या प्रकरणात उलगडत गेले, म्हणून ते लिहायला घेतले.

सलाइन लावले नाही. फ्युरोसेमाइड शिरेतून, मोठ्या मात्रेत सुरू केले. पण हात-पाय गार असलेल्या, म्हणजे 'ओल्या आणि थंड' (अंगात पाणी तुंबलेले, रक्तपुरवठा घटलेला) गटातल्या, रुग्णात नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर पुढे जायचे नव्हते. म्हणून उजव्या हृदयातून फुप्फुसरोहिणीत कॅथेटर घातला.

आकडे काय म्हणाले

उजव्या कर्णिकेतील (शरीरभरच्या नीलांचे रक्त जिथे परत येते त्या कप्प्यातील) दाब १७ मिमी पारा (निरोगी माणसात साधारण २ ते ६). फुप्फुसरोहिणीतील सरासरी दाब ३८. वेज दाब, म्हणजे डाव्या बाजूला रक्त किती तुंबले आहे त्याचे माप, २८. निरोगी माणसात तो १२ च्या आत असतो. हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त ३ लिटर, शरीराच्या पृष्ठफळाने भागले की १.८. फुप्फुसरोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजनची संपृक्तता ५० टक्के. ती ७० च्या आसपास असायला हवी. म्हणजे मिळेल त्या थोड्या रक्तातून पेशी ओरबाडून ऑक्सिजन घेत होत्या.

आता साधे गणित. सरासरी रक्तदाब ७७, त्यातून उजव्या कर्णिकेचे १७ वजा केले की ६० उरतात. ६० भागिले ३ म्हणजे २० वूड एकके, जुन्या एककात १,६००. हा रक्तवाहिन्यांचा एकूण विरोध. सामान्य माणसात तो ८०० ते १,२०० असतो. बीपी 'कमी' दिसत असलेल्या या माणसाच्या रोहिण्या प्रत्यक्षात आवळलेल्या होत्या. वरच्या आणि खालच्या दाबातले अंतर फक्त २२, वरच्या आकड्याच्या २४ टक्के. हे प्रमाण पंचवीस टक्क्यांखाली गेले की हृदयाचा पुरवठा घटला असावा अशी शंका घ्यायची, हा बेडशेजारचा जुना आडाखा इथे तंतोतंत लागू पडला. वरचा आकडा ९२ आहे याने मला फारशी चिंता वाटली नव्हती. खालचा ७० आहे याने वाटली. पुरवठा एवढा कमी असताना खालचा दाब ७० वर टिकतो तो वाहिन्या आवळल्यामुळेच.

आणखी एक हिशेब जास्त बोलका आहे. भरलेल्या निलयात १८० मिलि रक्त, त्याचे २५ टक्के म्हणजे प्रत्येक ठोक्याला ४५ मिलि बाहेर पडायला हवे. पण मिनिटाला ३ लिटर आणि ११२ ठोके म्हणजे महारोहिणीत पोचत होते जेमतेम २७ मिलि. बाकीचे १८ मिलि कुठे गेले? मायट्रल झडपेतून उलट, डाव्या कर्णिकेत. झडप मुळात निरोगी होती. निलय फुगल्यामुळे तिच्या पाकळ्या एकमेकींपासून दूर ओढल्या गेल्या आणि फट राहिली. समोरची वाट आवळलेली, मागची वाट सैल, तेव्हा रक्त सोप्या वाटेने जाणारच.

निलय फुगते का, याची सुरुवात एका चांगल्या गुणात आहे. स्नायू जितका ताणून भरला जाईल तितका तो जोराने आकुंचन पावतो, हे ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयात आणि पुढे स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदय-फुप्फुस तयारीत दाखवले. स्नायू गमावलेले हृदय याच गुणाचा आधार घेते: जास्त भरून घ्यायचे आणि ठोक्याचा आकार राखायचा. पण निकामी निलयात ही वक्ररेषा सपाट झालेली असते. भरण्याचा दाब १५ वरून २८ झाला तरी ठोका वाढत नाही, फक्त फुप्फुसे तुंबतात. शिवाय भिंतीवरचा ताण त्रिज्या आणि दाब या दोन्हींबरोबर वाढतो आणि भिंत पातळ झाली की आणखी वाढतो. फुगलेले निलय तेवढ्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन खाते.

मग वेज दाब २८ असताना छाती मोकळी कशी? निरोगी माणसात वेज दाब २५ च्या वर एकाएकी गेला तर फेस येईपर्यंत फुप्फुसे भरतात, कारण केशवाहिन्यांतले पाणी आत ओढून धरणारा प्रथिनांचा दाब साधारण तेवढाच असतो. पण महिनोन्महिने तुंबलेल्या फुप्फुसांत लसीकावाहिन्या रुंदावतात आणि जादा पाणी वाहून नेतात. म्हणून जुन्या रुग्णात स्वच्छ छाती ऐकून 'डावी बाजू बरी आहे' असा निष्कर्ष काढू नये. मानेतील नीला त्यापेक्षा खरे बोलते.

शरीराला काय वाटते

शरीरात एकूण पाणी किती आहे हे मोजणारे यंत्र नाही. मानेतल्या कॅरॉटिड रोहिणीत, महारोहिणीच्या कमानीत आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रोहिण्यांत ताण ओळखणाऱ्या जागा आहेत. त्यांना फक्त रोहिणीच्या बाजूचे कळते, आणि ही बाजू एकूण रक्ताचा लहानसा वाटा सांभाळते. बहुतांश रक्त नीलांमध्ये असते. या रुग्णात नीला ओसंडत होत्या, पण ताण ओळखणाऱ्या जागांपर्यंत पोचणारी लाट लहान झाली होती. मेंदूला आणि मूत्रपिंडाला कळला तो एकच निरोप: रक्त जाते आहे, दाब वाचवा.

ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पीटर हॅरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेला विचार याच धर्तीचा होता. प्राणिसृष्टीने ही संप्रेरकव्यवस्था घडवली ती धावण्या-झगडण्यासाठी आणि जखमेतून रक्त गेले तर तगण्यासाठी. त्या संकटांना मिनिटांची किंवा दिवसांची मुदत असते. हृदय मंदावलेला प्राणी रानात फार जगत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था घडलीच नाही. महिने आणि वर्षे चालणाऱ्या आजारात रक्तस्रावाचीच व्यवस्था चालू राहते, आणि तीच मग आजार होऊन बसते.

हे नुसते तत्त्वज्ञान नाही. इंदर आनंद आणि हॅरिस यांच्या गटाने चंदीगडमध्ये केलेला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात असे आठ रुग्ण होते की ज्यांना तीव्र हार्ट फेल्युअर होते, पण एकही औषध मिळालेले नव्हते. औषधांनी संप्रेरकांचे चित्र गढूळ होते. लघवीची एक गोळीसुद्धा रेनिन वाढवते. म्हणून असे रुग्ण शास्त्रीयदृष्ट्या अतिशय दुर्मीळ. त्यांच्यात शरीरातील एकूण पाणी निरोगी व्यक्तींपेक्षा १६ टक्के, पेशींबाहेरचे पाणी ३३ टक्के आणि सोडियम ३७ टक्के जास्त निघाले. नॉरअॅड्रेनॅलिन सरासरी ६.३ पट, रेनिन ९.५ पट, अल्डोस्टेरॉन ६.४ पट. मूत्रपिंडातून वाहणारा रक्तद्रव मात्र निरोगी व्यक्तींच्या २९ टक्क्यांवर आला होता, तर गाळण्याचा वेग ६५ टक्क्यांवर.

शेवटच्या दोन आकड्यांतली तफावत महत्त्वाची आहे. रक्त २९ टक्केच येते, तरी गाळले जाते ६५ टक्के. म्हणजे येणाऱ्या रक्ताचा गाळला जाणारा हिस्सा दुपटीहून जास्त झाला. हे अँजिओटेन्सिन-२ चे, म्हणजे रेनिनमुळे तयार होणाऱ्या संप्रेरकाचे, काम. ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारी सूक्ष्म रोहिणी जास्त आवळते, त्यामुळे गाळणीत दाब टिकतो. पण गाळणीतून पुढे जाणारे रक्त आता घट्ट, प्रथिनांनी दाट झालेले असते, आणि ते नलिकेतले पाणी व सोडियम स्पंजासारखे शोषून घेते. क्रिएटिनिन सांभाळले जाते, सोडियम बाहेर पडत नाही. मूत्रपिंड इथे बिघडलेले नसते; ते चुकीच्या बातमीवर बरोबर काम करत असते.

याच गटाने नंतर तीव्र, जुन्या रक्तक्षयाच्या सुजेचाही अभ्यास केला. रक्तक्षयात हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटत नाही, उलट वाढते. फक्त वाहिन्या सैल पडून दाब उतरतो. तरीही तीच संप्रेरके चढलेली आणि तसेच सोडियम साठलेले. यावरून माझे मत पक्के आहे: शरीर राखायला धडपडते ते रक्ताचा पुरवठा नव्हे, रोहिणीतला दाब. हार्ट फेल्युअरला 'पंप कमी पडला' एवढ्या वाक्यात गुंडाळले की हा मुद्दा निसटतो.

आमच्या रुग्णात

या चौकटीत आमच्या गृहस्थांचे एकेक लक्षण बसवून पाहू. नाडी ११२ आणि गार हात ही अनुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंची, कामगिरी. नॉरअॅड्रेनॅलिन हृदयाला पळवते, कातडी आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळते आणि थेट मूत्रपिंडालाही रेनिन सोडायला लावते. कोह्न आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की रक्तातले नॉरअॅड्रेनॅलिन जितके जास्त, तितके आयुष्य कमी. दोन वर्षे आधी ब्रिस्टो यांच्या गटाने निकामी हृदयांच्या स्नायूत बीटा ग्राहींची (नॉरअॅड्रेनॅलिन जिथे चिकटते त्या जागांची) घनता सुमारे निम्म्यावर आल्याचे दाखवले होते. सततच्या हाकांना कंटाळून स्नायू आपले दरवाजे बंद करून घेतो.

सूज मुख्यतः अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉनची. निरोगी माणसाला बाहेरून अल्डोस्टेरॉन देत राहिले तर काही दिवस सोडियम साठते आणि मग मूत्रपिंड त्यातून सुटका करून घेते, सूज येत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये ही सुटका होत नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातच बहुतेक सोडियम शोषले गेलेले असते, त्यामुळे शेवटच्या भागात अल्डोस्टेरॉनला ओलांडून जाईल एवढे सोडियम पोचतच नाही. पोटॅशियम घटण्याऐवजी ४.६ राहिले, त्यात याचा हातभार असणार.

सोडियम १२८ हे तर अनेकांना गोंधळात टाकते. सोडियम कमी म्हणून मीठ द्यावे असे वाटते. प्रत्यक्षात या माणसाच्या अंगात सोडियम जादा होते, पाणी त्याहून जादा. व्हॅसोप्रेसिन एरवी रक्ताच्या दाटपणावर चालते. रक्त पातळ झाले की बंद होते. पण रोहिणीतला दाब धोक्यात आल्याची बातमी आली की ते दाटपणाकडे दुर्लक्ष करते आणि मूत्रपिंडाला पाणी परत घ्यायला लावत राहते. त्यात अँजिओटेन्सिन मेंदूतली तहान चाळवते. म्हणून सुजलेला माणूस पाणी मागत असतो. अशा रुग्णातले कमी सोडियम हे संप्रेरके किती पेटली आहेत याचे स्वस्तातले माप समजावे.

आणि एनटी-प्रोबीएनपी ९,४००? हा शरीराचा विरुद्ध पक्ष. १९८१ मध्ये आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांना भरपूर लघवी आणि सोडियम गेले. हृदय ही संप्रेरके बनवणारी ग्रंथीही आहे, हे तेव्हापासून मान्य झाले. बीएनपी (एनटी-प्रोबीएनपी हा त्याच्याच पूर्वरूपाचा तुकडा) १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे केले गेले, म्हणून त्याच्या नावात मेंदू ('बी' म्हणजे ब्रेन) राहिला, जरी ते मुख्यतः ताणलेल्या निलयातून येते. ही संप्रेरके सोडियम बाहेर टाकतात, वाहिन्या सैल करतात, रेनिन दाबतात. मग रक्तात इतकी असून माणूस सुजतो कसा? एक तर मोजले जाणारे बरेचसे रेणू अर्धवट कापलेले, म्हणजे दुबळे असतात. दुसरे, नेप्रिलायसिन हे विकर त्यांना तोडत राहते. तिसरे, ज्या मूत्रपिंडात त्यांनी काम करायचे तिथे रक्तच धड पोचत नाही आणि पोचले तरी अँजिओटेन्सिन व अनुकंपी तंतू उलट दिशेने ओढत असतात.

उरले डायक्लोफिनॅक. अशा आवळलेल्या मूत्रपिंडात गाळणीकडे येणारी सूक्ष्म रोहिणी उघडी राहते ती स्थानिक प्रोस्टाग्लँडिनांच्या (वाहिन्या सैल ठेवणाऱ्या द्रव्यांच्या) जोरावर, आणि डायक्लोफिनॅक तीच बनू देत नाही. निरोगी माणसात या प्रोस्टाग्लँडिनांची फारशी गरज नसते, म्हणून त्याला वेदनाशामक पचते. इथे तीन आठवडे रोज तो शेवटचा टेकू काढून घेतला गेला. शिवाय ही औषधे फ्युरोसेमाइडला नलिकेत पोचवणाऱ्या वाहकावर गर्दी करतात. गोळी तीच, परिणाम निम्माही नाही. मला विचाराल तर या दाखल होण्याचे तात्कालिक कारण तेच होते. मूळ कारण मात्र महिनोन्महिने फक्त लघवीच्या गोळीवर ठेवणे हे. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या सोडियम मोजणाऱ्या पेशींनाच आंधळे करते, त्यांना वाटते सोडियम येतच नाही, आणि रेनिन सुटते. आळा घालणारे दुसरे औषध सोबत नसेल, तर प्रत्येक गोळी पुढच्या सुजेची तयारीही करत असते.

उपचार

घरच्या ८० मिलिग्रॅमच्या अडीच पट, म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड शिरेतून, दोन भागांत. आतड्यालाही सूज असते, तोंडाने घेतलेले औषध कधी आणि किती शोषले जाईल याचा भरवसा नाही. दोन तासांनी लघवीतले सोडियम तपासले तर ३८ निघाले. हा आकडा ५० ते ७० च्या वर हवा. दुसऱ्या वेळेची वाट न पाहता मात्रा दुप्पट केली.

त्याच सुमारास कॅथेटरचे आकडे हाती आले, आणि मतभेद झाला तो इथे. पुरवठा १.८, तेव्हा डोब्युटामिनने हृदयाला चाबूक मारावा असे एक मत होते. माझे मत वेगळे होते. विरोध १,६००, झडपेतून ४० टक्के रक्त मागे जाते आहे, लॅक्टेट ठीक आहे, रुग्ण शुद्धीवर आहे. हा शॉक नव्हे. हृदयाला बळ देणारी औषधे आकडे सुधारतात, आयुष्य नाही: १९९१ च्या प्रॉमिस चाचणीत तोंडाने दिलेल्या मिलरिनोनने मृत्यू २८ टक्के वाढले होते. म्हणून रोहिणीत दाबमापक ठेवून, सरासरी दाब ६५ च्या खाली जाऊ न देता, सोडियम नायट्रोप्रुसाइडचा ठिबक सुरू केला. ९२ बीपीच्या माणसाला बीपी उतरवणारे औषध! परिचारिकेने मात्रा दोनदा विचारून घेतली, ते योग्यच होते. कॅथेटर आणि अतिदक्षता विभाग हाताशी नसताना हे करू नये, आणि किडनी मंदावलेली असताना हे औषध एक-दोन दिवसांपेक्षा लांबवू नये, सायनाइड-थायोसायनेट साठते.

चोवीस तासांनंतर सरासरी रक्तदाब ७०, उजव्या कर्णिकेतला ९, वेज १८, पुरवठा मिनिटाला ४.४ लिटर, नाडी ९८. विरोध सुमारे १,११०. प्रत्येक ठोक्याला महारोहिणीत २७ ऐवजी ४५ मिलि. इको पुन्हा केला: भरलेले निलय १७० मिलि, इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के, म्हणजे एकूण ५१. हृदयाच्या आकुंचनाचा आकार फक्त सहा मिलिने वाढला. पुढे जाणारे रक्त मात्र १८ मिलिने वाढले. फरक पडला तो वाटेचा. समोरची वाट मोकळी झाली, निलय थोडे आकसले, झडपेच्या पाकळ्या जवळ आल्या आणि गळती १८ वरून ६ वर आली.

मूत्रपिंडाच्या बाजूने पाहा. सरासरी दाब ७७ वरून ७० झाला, म्हणजे मूत्रपिंडाला कमी दाब मिळाला असे कोणीही म्हणेल. पण मूत्रपिंडाला मिळतो तो रोहिणी आणि नीला यांच्या दाबातला फरक: आधी ७७ वजा १७ म्हणजे ६०, नंतर ७० वजा ९ म्हणजे ६१. बीपी उतरूनही मूत्रपिंडाचे काही गेले नाही, उलट तुंबलेपण गेले. नीलेतला दाब वाढवला की मूत्र घटते हे विंटन यांनी १९३१ मध्ये कुत्र्याच्या सुट्या मूत्रपिंडावर दाखवले होते; मूत्रपिंड घट्ट वेष्टणात असते, आत पाणी तुंबले की नलिका दाबल्या जातात. हे ज्ञान मधली कित्येक दशके बाजूला पडले आणि 'पुरवठा कमी म्हणून किडनी मंद' हेच शिकवले गेले. आमच्या रुग्णात लघवी तासाला १८० मिलिपर्यंत गेली. पाचव्या दिवशी वजन आठ किलोने उतरलेले, क्रिएटिनिन १.३, सोडियम १३४. त्या पहिल्या रात्री सलाइन लावले असते तर उजव्या कर्णिकेतला दाब १७ वरून आणखी चढला असता आणि क्रिएटिनिनही.

नंतरची औषधे

नायट्रोप्रुसाइड दुसऱ्या दिवशी उतरवत एनालाप्रिल (एसीई इनहिबिटर) २.५ मिलिग्रॅम दोनदा सुरू केले. सोडियम १२८ असताना पहिल्याच रात्री ते दिले नव्हते, कारण तेव्हा सगळा रक्तदाब अँजिओटेन्सिनच्या खांद्यावर उभा असतो. तो खांदा एकदम काढला तर माणूस कोसळू शकतो. पुढे क्रिएटिनिन १.३ वरून १.५ झाले. औषध थांबवले नाही. बाहेर जाणारी सूक्ष्म रोहिणी सैल झाल्याचा तो अपेक्षित परिणाम आहे; ३० टक्क्यांपर्यंतची वाढ स्वीकारायची असते. १९८७ च्या कन्सेन्सस चाचणीत अशाच गंभीर रुग्णांत एनालाप्रिलने सहा महिन्यांतले मृत्यू ४० टक्के घटवले होते. अल्डोस्टेरॉन अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम, पोटॅशियमवर लक्ष ठेवून. १९९९ च्या रेल्स चाचणीत त्याने मृत्यू ३० टक्के कमी केले. डापाग्लिफ्लोझिनही जोडले. ते मुळात साखरेचे औषध, पण २०१९ च्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही तेवढाच फायदा झाला.

बीटा ब्लॉकर मुद्दाम शेवटी, सूज उतरल्यावर, बिसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅमने. मंद हृदयाला आणखी मंद करणारे औषध द्यायचे ही कल्पना गोथेनबर्गच्या वाग्स्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडली, आणि ती पचायला वैद्यकाला जवळपास दोन दशके लागली. ओल्या अवस्थेत सुरू केले असते तर ज्या वेगावर हृदय कसेबसे तग धरून होते तोच काढून घेतला असता. कोरड्या अवस्थेत ते नॉरअॅड्रेनॅलिनच्या माऱ्यापासून स्नायूला वाचवते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. संप्रेरक वाईट, म्हणून दिसेल ते अडवा, असा सोपा निष्कर्ष निघत नाही. मेंदूतूनच अनुकंपी संस्था दाबणाऱ्या मॉक्सोनिडिनची चाचणी मृत्यू वाढल्याने मध्येच थांबवावी लागली. व्हॅसोप्रेसिन अडवणाऱ्या टोल्वॅप्टनने सोडियम सुधारले, वजन उतरवले, पण २००७ च्या एव्हरेस्ट चाचणीत आयुष्य वाढवले नाही. कुठला आधार काढायचा आणि कुठला ठेवायचा हे तर्काने कळत नाही, चाचण्यांनीच कळते.

सहा आठवड्यांनी रक्तदाब १०६/६६ होता. एनालाप्रिल बंद करून ३६ तास मोकळे ठेवले आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन (नेप्रिलायसिन आणि अँजिओटेन्सिन दोन्ही अडवणारे जोडऔषध) सुरू केले. हा मध्यंतर टाळता येत नाही: एसीई आणि नेप्रिलायसिन ही दोन्ही विकरे ब्रॅडिकायनिन (साठले की सूज आणणारे द्रव्य) तोडतात, दोन्ही एकदम अडले तर घसा सुजून श्वास अडू शकतो. या औषधानंतर बीएनपी तपासणे फसवे ठरते, कारण नेप्रिलायसिन अडल्याने बीएनपी आपोआप चढते. एनटी-प्रोबीएनपी त्यावर अवलंबून नाही, म्हणून तेच पाहत राहिलो.

तीन महिन्यांनी ते १,७०० होते, फ्युरोसेमाइड दिवसाला एकदा २० मिलिग्रॅमवर आले होते आणि एक जिना दम न लागता चढता येत होता. गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचे मलम आणि व्यायाम. दुखणे पूर्ण गेलेले नाही आणि पुन्हा 'ती गोळी' घ्यायचा मोह होतो हे त्यांनी स्वतःहून सांगितले. इजेक्शन फ्रॅक्शन ३३ टक्के आहे. ३५ च्या खाली असल्याने जीवघेण्या अतालतेपासून वाचवणारे यंत्र छातीत बसवायचे की सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची मात्रा पूर्ण करून आणखी तीन महिने थांबायचे, यावर त्यांच्याशी आणि कुटुंबाशी बोलणे चालू आहे.